चिमणीच्या नावाचं रक्त

मांडवगण फराटा,
गुरुवार, ४ ऑक्टोबर २००७

ती. प्रतिभावहिनींस,

हनुमंताचा पाया पडून नमस्कार. तुम्ही आन् अंकिता शिक्रापूरला खुशाल असाल. इकडं आईचे गुडघे दुखतात, पण तोंड चालू हाय, म्हंजी काळजीचं कारण न्हाई. ऊस बरा हाय. बांधावरची दोन्ही लिंबं यंदा धरली. सणसवाडीच्या कंपनीत तुम्हांला उभ्याचं काम हाय असं आई म्हणत होती, तर सायबाला सांगून बसायचं काम मागून बघा. अंकिताची सायकल मी पुसून ठेवली हाय. कुणाचा टेम्पो तिकडं निघाला की टाकून देतो.

भामाआक्काचे मालक, मारुतरावदाजी, दौंडच्या दवाखान्यातून परवा घरी आले. नदीपल्याड जाऊन बघून आलो. अंगात ताकद न्हाई, पण भाकरी खातात आन् आक्कावर वरडतात. जगले म्हणायचं.

वहिनी, सोमवारी शिरूरला महेंद्रच्या चौकशीत तुमचा जबाब हाय. तुम्ही फोनवर म्हणालात, भाऊजी, माझ्यासंगं या, मला एकटीला सायबांपुढं बोलायला भ्या वाटतं. मी व्हय म्हणालो आन् फोन ठेवला. पण त्याआधी तुम्हांला एक सांगायचं हाय. समोर बसून सांगायला गेलो तर माझी जीभ पुन्हा खोटंच बोलणार, तिला सवय लागली हाय. म्हणून कागद घेतला.

तुम्ही जबाब देणार तो मला पाठ हाय. आपली चिमणी घोडी आजारी पडली, दादानं महेंद्रला बोलावलं, त्यानं घोडीला सुई टोचली, घोडी उसळली, तीच सुई दादाच्या मनगटाला लागली. बाराव्या दिवशी दादा गेला. दादाच्या रक्तात घोड्याच्या रोगाचे जंतू निघाले. चिमणीचं रक्त तर तपासून आलेलं, निर्दोष. मग जंतू आले कुठनं? महेंद्रनं कुठल्यातरी गावच्या सडक्या घोड्याला टोचलेली सुई न धुता आपल्या दारात आणली. खात्यानं ह्याच्यावरच त्याला घरी बसवलंय. सोमवारी तुम्ही बोललात की नोकरी जाणार, आन् नंतर पोलिसांत मनुष्यवधाचा गुन्हा.

सुई लागली हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं. ते खरं हाय. बाकीचं खरं न्हाई, आन् ते खोटं मी केलेलं हाय.

जत्रेला आठ दिवस राहिले तवा घोड्यांच्या रोगाची टीम आली, तो रविवार आठवतो का? तुम्ही आन् दादा दौंडच्या बाजाराला गेला होता. टीममधी पुण्याच्या खात्याचे डॉक्टर होते आन् दिल्लीनं धाडलेले केंद्राचे एक साहेब होते, हिंदी बोलणारे. राज्यानं रक्त काढायचं, केंद्रानं ते हरियाणाला नेऊन तपासायचं, अशी दोन्हींची वाटणी. घोडी धरायला आन् नावनिशाणी लिहायला आपल्या जनावरांच्या दवाखान्याचा डॉक्टर महेंद्र. आधीच्या डॉक्टरला गाव साहेब म्हणायचं. ह्याला सगळे नावानं हाक मारायचे, मी पण. का ते तुम्हांला माहीत हाय आन् मला पण.

आदल्या सांजेलाच दवंडी झाली होती. ज्या घोड्याच्या नाकाला पाणी असंल ते रिपोर्ट येईस्तोवर दावणीला बांधून ठेवायचं, बाहेर काढायचं न्हाई. चिमणीच्या नाकाला आठ दिवस चिकट पाणी होतं. दादा म्हणाला, "देऊ दे रक्त, जत्रा काय दरसाल येती." मी मान डोलावली. वहिनी, मला जत्रेतल्या गाड्यांच्या शर्यतीची ती बारी पायजे होती. आपल्या गावच्या गाड्याचे बैल चिमणीच्या मागं पळायला शिकलेले, दुसरी घोडी पुढं धरली तर शर्यतीच्या घाटात मधीच फाकतात. तीन वर्षं आपण हरलेलो. आन् चिमणीवर बसणारा मी. लोकांनी माझ्या नावानं शिट्ट्या मारल्या की मला दुसरं काय दिसायचं न्हाई.

म्हणून तुम्ही बाजाराला निघाल्यावर मी चिमणीला नदीपल्याड भामाआक्काच्या उसात नेऊन बांधली, त्यांच्या तट्टाशेजारी. येताना दगडोबाचं तांबडं तट्टू आणलं. रंग तोच, कपाळावर टिकला तेवढा न्हाई. तो मी चुन्यानं काढला.

महेंद्रनं तट्टाच्या मानेवर हात ठेवला आन् लगेच काढला. चिमणी शिंगरू होती तवापासून तो तिला बघतोय, त्याला काय टिकला बघायची गरज होती? त्यानं पुण्याच्या डॉक्टरला सांगितलं, "सर, ही चिमणी नाही. दुसरं जनावर आहे." डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी गावाकडं बघितलं. पारावर वीस-पंचवीस माणसं होती, आन् एकूण एक म्हणाली, हीच चिमणी. शाळेचे मास्तर म्हणाले. गाड्याचा मालक म्हणाला. ज्याचं तट्टू तो दगडोबा सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला.

महेंद्र हटला न्हाई. "आण्णा, रोग वाईट आहे, माणसाला होतो," म्हणाला. मी त्याच्या कानाखाली मारली. त्या केंद्राच्या सायबापुढं. चष्मा खाली पडला तो पायानं लोटला. वर म्हणालो, "आमच्या दावणीला काय हाय ते आता तुम्ही आम्हांला सांगणार व्हय रे?" तुम्ही म्हंजी कोण, ते मला सांगायला लागलं न्हाई, तिथं सगळ्यांना कळलं. त्याच्या जागी पुण्याचा डॉक्टर तेच बोलला असता तर माझा हात उठला नसता. हे मी आज लिहितोय, पण मारतानाच मला माहीत होतं.

हिंदीवाल्या सायबानं विचारलं, काय चाललंय. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, गाँव वाले बोल रहे हैं यही है. दिल्लीवाला पुण्यावर विसंबला, पुणेवाला गावावर विसंबला, आन् गावानं तोंड वर करून खोटं सांगितलं. बाटलीवर चिमणीचं नाव पडलं. आत रक्त दगडोबाच्या तट्टाचं.

दादाला सांजेला कळलं. तुम्ही चुलीपाशी होता. त्यानं मला गोठ्यात नेलं आन् दोन्ही गालांत दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाला, "जत्रा झाली की सायबाकडं जायचं आन् पायावर डोकं ठेवायचं. तू जाणार नसलास तर मी जातो." मी म्हणालो, जाऊ. तुम्हांला सांगितलं, घोडी सरावाला गाड्याच्या मालकाकडं हाय. चार दिवसांनी चिमणीला आणली आन् आपण बारी मारली. तुम्ही मला ओवाळलं. जत्रेनंतर दादा सायबाचं विचारायचा, मी उद्या-परवा म्हणत राहिलो.

आता वहिनी, पुढचं नीट वाचा.

दादाच्या तळहाताला ऊस तोडताना पाचटाची चीर पडली होती. त्याच हातानं तो चिमणीचं नाक पुसायचा. जत्रेनंतर दहाव्या दिवशी त्याची चीर सुजली, बगलेत गाठ आली, ताप भरला. हाताला फडकं बांधून तो मला म्हणाला, प्रतिभाला सांगू नको, ती उगा घोर लावून घेती. महेंद्र सुई घेऊन आला तो त्याच्यानंतर दोन दिवसांनी. मनगटाला सुई लागली तवा फडक्याखाली हात आधीच सडत होता. हे तुम्हांला कुणी सांगितलं न्हाई, कारण सांगणारे दोघंच होतो, आन् त्यातला एक गेला.

कानाखाली खाऊन पण महेंद्र आला होता हे ध्यानात घ्या. घोडीच्या पायावरच्या गाठी बघून त्याचं तोंड उतरलं. दादाला म्हणाला, आजच्या आज दवाखान्यात जा आन् घोडीचं सांगा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आण्णा, तुम्ही सांगा, हे सांगणार नाहीत, हे तुम्हांला वाचवतील." मी त्याला म्हणालो, तुझी सुई उचल आन् चालू लाग.

दौंडहून दादाला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली एक तरणी डॉक्टरीण होती, केस वर बांधलेली. तुम्ही खाली औषधाच्या रांगेत होता. तिनं मला विचारलं, "घरात कुणी आजारी जनावर आहे का? गाय, घोडा, मेंढरं?" दादाला धाप लागलेली, बोलता येत नव्हतं, पण तो शुद्धीत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, न्हाई.

तिनं पुन्हा विचारलं. नीट आठवा, आम्हांला औषध त्यावरून ठरवायचं आहे. मी म्हणालो, घोडी हाय, पण सरकारनं तपासली, रिपोर्ट चांगला हाय. मला वाटलं, खरं सांगितलं तर केस होईल, जिंकलेली बारी रद्द होईल, गाव मला जित्ता सोडणार न्हाई. भाऊ मरत होता आन् मला बारीचं पडलं होतं. दादानं डोळे मिटले ते माझ्याकडं बघून उघडले न्हाईत. तुम्ही आलात तवा तुमच्याकडं बघून उघडले.

तिसऱ्या दिवशी तो गेला. रक्ताचा रिपोर्ट त्याच्यानंतर आला.

तुम्ही त्या दिवशी दारात कपाळ आपटून म्हणालात, सुईवाल्याला सोडू नका. त्याचा बोजा तुम्ही डोक्यावर घेऊ नका. तुम्ही म्हणाला नसता तरी मी गेलोच असतो. मला तर तेच पायजे होतं, समद्या गावाचं बोट त्याच्याकडं वळलेलं.

पण त्याच्याआधी चिमणी. टीम पुन्हा रक्त न्यायला येणार असं कळलं. तुम्हांला आम्ही सांगितलं, दादामागं तिनं वैरण सोडली आन् झुरून मेली. तुम्ही तिच्यासाठी पण रडलात. ती झुरली न्हाई. भर दुपारी मी तिला नदीच्या वाळूत नेली, दगडोबा आन् गाड्याचा मालक संगं होते. कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं कपाळावर मारली. एका घावात पडली न्हाई. गुडघ्यावर आली आन् पुन्हा उठली, आन् माझ्याकडंच आली, वहिनी, कारण रोज दाणे मीच घालायचो. दुसरा घाव डोळ्यावर बसला. तिसऱ्याला दगडोबा उलटी करत पळाला. मी मोजायचं सोडलं. रक्त तोंडावर उडालं तवा मला एवढंच सुचलं की आता आपल्याला पण होणार, आन् मी नदीत उडी मारून तोंड वाळूनं घासलं. मग तिला तिथंच वाळूत पुरली. मला काय झालं न्हाई. देवाला माझी घाई नव्हती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं तोंडाला फडकी बांधून दवाखान्याच्या वाटेला थांबलो. महेंद्र सायकलवरनं येत होता, मागं लशीचा डबा बांधलेला. मी सायकलीला लाथ घातली. लशीच्या बाटल्या रस्त्यावर फुटल्या. तो हातानं काचा गोळा करायला लागला, आम्ही मारत होतो तरी. "शेळ्यांची लस आहे हो, कुणाच्या पायाला लागेल" म्हणत होता. बाकीच्यांनी काठ्या मारल्या. उजव्या गुडघ्यावरचा लोखंडी पाईप माझा. दोनदा मारला. दुसऱ्यांदा मोडल्याचा आवाज आला तवा मला बरं वाटलं. हे मला लिहायला लाज वाटती पण बरं वाटलं, आन् त्याच्यानंतर आजतागायत कधी बरं वाटलं न्हाई.

पोलिसांना त्यानं सांगितलं, तोंडं बांधलेली होती, ओळखू आलं न्हाई. मी म्हणायचो, भ्याला. जुलैत त्याची बायको तेजश्री आपल्या दारात आली. आई आत होती. उंबऱ्याच्या आत आली न्हाई, मी ये म्हणालो पण न्हाई. ती म्हणाली, "तुमचा आवाज त्यांनी ओळखला होता. त्या घरात आत्ताच एक मयत झालंय, दुसरा जेलात नको म्हणून नाव घेतलं नाही. मी असते तर घेतलं असतं." आन् गेली. बाईच्या जातीनं मला असं उभं ठेवून बोलावं म्हणून मी दिवसभर धुमसत होतो. बघा, एवढं होऊन मला राग येत होता तो ह्याचा.

हे सगळं घेऊन मी मेलो असतो, तुम्हांला कळलं नसतं. पण मारुतरावदाजी पडले.

चिमणी त्यांच्या तट्टाशेजारी चार दिवस बांधली होती, एकाच घमेल्यात दोघं पाणी प्यायची. तट्टू पावसाळाभर खंगत गेलं, पायाला गाठी, नाकाला घाण. दाजी त्याला चोळायचे. गेल्या महिन्यात दाजींना ताप आला, बगलेत गाठ, धाप. आक्काचा निरोप आला तवा मी दौंडला पळालो. दारातनं त्यांचा हात बघितला. तोच हात. फडकं पण तसंच बांधलेलं.

तिथल्या डॉक्टरनं विचारलं, घरात कुणी आजारी जनावर? आक्का म्हणाली, न्हाई ओ, तट्टू हाय, पण ते म्हातारं झालंय म्हणून. मी पुढं झालो. म्हणालो, "हाय. ते म्हातारं न्हाई, आजारी हाय. एप्रिलात आमची रोगाची घोडी त्याच्याशेजारी बांधली होती. मी बांधली होती. माझा भाऊ त्यानंच गेला." आक्कानं माझ्याकडं बघितलं. तिनं तिथं सगळ्यांपुढं मला चपलेनं मारलं, आन् नर्सनं धरेपर्यंत मारत राहिली. डॉक्टर तोवर फोन लावत होता.

दाजींची औषधं त्याच तासाला बदलली. दुसऱ्या दिवशी पुण्याचे डॉक्टर आन् केंद्राचे साहेब, दोघं आले. आमच्या घोडीचं विचारलं तवा मी म्हणालो, लेखी देतो, आन् आजवर दिलं न्हाई. आक्काच्या अंगणात तट्टाला आधी झोपेची सुई दिली, मग दुसरी. पाय झाडले न्हाईत. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. मी खड्डा खणत होतो आन् मला वाळूतली चिमणी दिसत होती, एका डोळ्यानं माझ्याकडं येणारी. एवढं सोपं होतं ते. एवढं सोपं करायला माणसं सरकारनं धाडली होती, आन् मी त्यातल्या एकाचा चष्मा लोटला आन् गुडघा मोडला.

सहाव्या दिवशी दाजींचा ताप उतरला. आठव्या दिवशी त्यांनी पिठलं मागितलं. मी बाहेर पायऱ्यांवर बसून कुत्र्यावानी रडलो. लोकांना वाटलं आनंदानं रडतोय. वहिनी, दाजी उठून बसले तवा मला कळलं की मी पुण्यात न्हाई म्हणालो तवा काय केलं. डॉक्टर म्हणाला, वेळेत कळलं म्हणून वाचले, सगळेच वाचतात असं न्हाई. दादा वाचलाच असता असं मी म्हणत न्हाई. पण त्याला औषध मिळालं असतं. ते मी मिळू दिलं न्हाई. एवढंच कबूल करायला इतके कागद लागले.

उद्या सकाळी मी शिरूरला जातोय. आधी चौकशीसाठी तिथं आलेल्या पुण्याच्या डॉक्टरांकडं, बाटलीतलं रक्त कुणाचं ते लिहून द्यायला, मग पोलीस ठाण्यात, पाईप कुणाचा ते सांगायला. दगडोबाला म्हणालो, तुझ्या तट्टाचं रक्त पुन्हा दे, ते जुळवून बघतील. तो म्हणाला, गाव वाळीत टाकंल. मी म्हणालो, मग आपण दोघं वाळीत, एकमेकांला पत्ते खेळायला होऊ. तो हसला न्हाई, पण देतो म्हणाला. चिमणीला कुठं पुरली ती जागा मी टीमला दाखवणार हाय. गावातली बाकीची बारा-पंधरा घोडी पण त्यांना तपासायला पायजेत. त्या जत्रेत सगळी एका रांगेत उभी होती, हे मी सांगितल्याशिवाय त्यांना कोण सांगणार?

काल महेंद्रच्या घरी गेलो होतो. तो खुर्चीत होता, पाय स्टुलावर. मी दारात बसलो. मी सगळं बोललो, त्यानं ऐकलं. माफ केलं असं काय तो म्हणाला न्हाई, आन् मी मागितलं पण न्हाई. त्यानं एकच विचारलं, "घोडी पुरली तिथं पाणवठा किती लांब आहे?" मी म्हणालो, पन्नास पावलं. तो म्हणाला, "हे आधी सांगा साहेबांना. बाकीचं नंतर." तेजश्रीनं आतनं दार लावून घेतलं.

तुम्ही सोमवारी जा, वहिनी, पण माझ्यासंगं न्हाई. आईला घेऊन जा. सुई लागली ते खुशाल सांगा, ते तुम्ही बघितलं. त्याच्याआधीच्या तापाचं माझ्या जबाबात असंल. महेंद्रच्या तोंडाकडं बघवलं न्हाई तर नका बघू, पण त्याला मारेकरी म्हणू नका. दादाला मारणारा तुमच्या घरातच जेवत होता, तुमच्या हातचं.

आईला मी अजून सांगितलं न्हाई, आक्कानं पण न्हाई. उद्या निघताना सांगीन. तुम्हांला मला काय बोलायचं असंल, शिव्या द्यायच्या असतील, तर ठाण्यात या, मी तिथंच असंन. न आलात तरी मला समजंल.

अंकिता मोठी झाली की विचारंल, पप्पा कशानं गेले. तवा तिला घोड्याचा रोग म्हणून सांगू नका, सुई म्हणून सांगू नका. काकानं असं पण म्हणू नका, त्या नात्यात लाड असतात. माझं नाव घेऊन सांगा.

हनुमंत